दादांची खोली, आहे तशी

१

पंक्चरकाकांचं सायकलचं दुकान बंद होऊन जमाना झाला होता, पण हवा काढायचं काम चालूच होतं. कुणी नवं घर घेतलं की हे म्हणणार, "भिंतीला ओल आहे, बघून घे." कुणाचं लग्न ठरलं की, "चांगलं आहे. आता किती दिवस पटतं ते बघू." गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

म्हातारा काटक. फक्त उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. जन्मभर त्याच हाताने पंप मारला, दुसरं काय होणार? विकतचा कुठलाही कपडा अंगावर तिरका बसायचा, खुंटीला घाईत अडकवल्यासारखा.

दुपारी जेवणं झाली की घरात ठरलेले आवाज. मागच्या खोलीत काकांचं घोरणं, पुढच्या खोलीत विणायच्या सुयांची टकटक. पुढची खोली थोरल्या भावाची, दादांची. दादा बिनलग्नाचे. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता चित्रं काढायला लागले आणि उतारवयात त्यांचं नाव झालं. जेवढं पोटासाठी रंगवलं त्याला कुणी विचारलं नाही, रिकामपणी रंगवलं त्याला हार पडले. जगाची तऱ्हाच ती.

त्या खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. काकू, म्हणजे पंक्चरकाकांची बायको, दुपारभर तिच्यात बसून विणायची. दादा चित्र काढायचे. दोघं एक अक्षर बोलत नसत. कुणाच्या मनात वाकडं यावं असं त्यात काही नव्हतं. उजेड त्या एकाच खिडकीला होता.

काका मात्र त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. भावाभावांचं कधीतरी वाजलं होतं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण सोडलंही नव्हतं. भांडण जुन्या सायकलीसारखं असतं. चालत नाही म्हणून कुणी टाकून देत नाही.

मग एका थंडीत दादा गेले. खोलीतलं सगळं सामान, आहे तसं, त्यांनी गावातल्या म्युझियमला लिहून दिलं होतं.

"बघ," काका बायकोला म्हणाले, "मेल्यावरसुद्धा घराला दिलं नाही. गावाला दिलं."

"घराला काय हवं होतं तुमच्या?" काकू म्हणाली. "त्यांच्या ब्रशांनी दात घासणार होतात?"

२

म्युझियमच्या बाई आल्या. जाड चष्मा, हळू बोलणं, चालताना पावलांचा आवाज नाही. बरोबर हमाल आणि गळ्यात कॅमेरा.

"काही पुसू नका," त्या म्हणाल्या. "झाडूसुद्धा मारू नका. आम्ही आधी फोटो काढतो, मग तिकडे फोटोप्रमाणे मांडतो. इथे काडी पडली असेल तर तिथेही ती काडी तिथेच पडते."

"आणि दादाच्या चपलांचा वास?" काकांनी दारातून विचारलं.

"तोही येतो काही दिवस," बाई म्हणाल्या. चेष्टा होती का खरं, ते कळलं नाही.

काकू खुर्चीत विणत होती. तपकिरी लोकरीचा स्वेटर, गळ्यापासून खाली विणत आणलेला. अंग झालं होतं, एक बाही झाली होती, दुसरी खांद्यापासून जेमतेम सुरू झाली होती.

"काकू, जरा बाजूला होता का? फोटोत माणूस नको."

"एवढी ओळ संपू दे, बाई. मध्येच सोडली तर टाके सुटतात."

बाई थांबल्या. हमाल थांबले. काकांना थांबणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांची दुपारची झोप मोडली होती, दारात अनोळखी माणसं उभी होती.

"घ्या हो, काढा!" ते ओरडले. "ती काय, खोलीतलंच सामान आहे. बसू दे. उरका एकदाचं!"

हमाल हसले. काकूही हसली, मान वर न करता. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं, जसा दुकानदार गिऱ्हाईकाकडे पाहतो, "नक्की ना? नंतर परत नाही घेणार." मग कॅमेरा डोळ्याला लावला. टिक.

सामान निघालं. शेवटी एक हमाल खुर्ची आणि तिच्यावरचं विणकाम न्यायला आला तेव्हा काकू म्हणाली, "तो स्वेटर तेवढा राहू द्या हं."

"फोटोत आहे, काकू," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे गं!" काका म्हणाले. "मेलेल्या माणसाचा स्वेटर. पुरा करून घालणार कोण?"

काकूने त्यांच्याकडे पाहिलं.  मग स्वेटर दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर नीट ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

३

खोली रिकामी झाली. भिंतींवर चित्रांच्या जागी उजळ चौकोन राहिले, फरशीवर खुर्चीच्या पायांचे ठिपके.

काकांना वाटलं, आता दुपारी गाढ झोप लागेल. लागली नाही. घराला एका आवाजाची सवय होती. तो नसला की कानात दडे बसल्यासारखं होतं.

आणि मग एका दुपारी तो आवाज आला. टक. टक. टक.

नळ गळत असेल, काकांनी मनाशी म्हटलं. उठून मोरीत जाऊन आले. नळ कोरडा. पाल असेल. घड्याळ असेल. घड्याळ तर कधीचं बंद. माणसाला स्वतःच्या घरात भीती वाटायला लागली की तो आधी प्लंबर होतो, मग घड्याळजी होतो. काकाही झाले.

शेवटी पुढच्या खोलीपाशी गेले. काकू फरशीवर बसली होती, बरोबर त्या चार ठिपक्यांच्या मध्ये. तोंड खिडकीकडे. हात मांडीवर, आणि बोटं चालू होती. हातात सुई नाही, लोकर नाही.

"काय गं करतेस?"

"अं? काही नाही. एवढी ओळ."

"कसली ओळ? हातात काय आहे तुझ्या?"

तिने हातांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. बोटं थांबली. आवाजही थांबला.

सवय, काका म्हणाले. सवयीने माणूस काय काय करतो. मी नाही अजून रस्त्यात सायकल दिसली की आधी चाक दाबून बघत?

पण रिकाम्या बोटांचा आवाज कसा होतो, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

४

खोली लोकांना बघायला खुली झाली तेव्हा काकू गेली नाही. "मला इथूनच बरं दिसतं," म्हणाली. काका गेले. घरच्यांना तिकीट माफ होतं, आणि फुकटचं सोडणाऱ्यांतले ते नव्हते.

म्युझियम म्हणजे जुनी लांबलचक इमारत. दारात देणगीची काचेची पेटी, आत पहारेकरी. जाडजूड, मिशाळ, बोलका.

"चालतं कशावर हो तुमचं?" काकांनी पेटीकडे बघत विचारलं.

"लोक मरतात, म्हणून चालतं," पहारेकरी म्हणाला. "जिवंत माणूस सुटे पैसे टाकतो. खरं देणं मेल्यावरचं. तुमच्यासारख्यांच्या कृपेने एक अख्खी ओळ भरली बघा आतली."

आत खरंच ओळ होती. एका लांब बोळाच्या कडेला खोल्याच खोल्या, प्रत्येकीला तीन भिंती, चौथीच्या जागी जाड दोर. एका शिक्षिकेची अभ्यासाची खोली. एका शिंपिणीची. एका डॉक्टरचा दवाखाना, टेबलावर स्टेथोस्कोप, आणि टेबलाशी पाठमोरा बसलेला पांढऱ्या कोटातला माणूस.

काका तिथे थांबले. मानेवरचे बारीक केससुद्धा दिसत होते.

"पुतळा झकास केलाय," ते पहारेकऱ्याला म्हणाले.

"कुठला पुतळा?"

"तो डॉक्टर."

पहारेकरी हसला. "पुतळे नाही ठेवत हो आम्ही. परवडतात कुठे?" आणि तो पुढे चालू लागला. काकाही त्याच्यामागे चालले, जरा भरभर. मागे वळून बघावं असं एकदा त्यांना वाटलं. पण मानेला काय झालं कुणास ठाऊक, ती वळली नाही.

ओळीच्या शेवटी दादांची खोली. हुबेहूब. घोडीवर अर्धं चित्र, रंगाच्या बाटल्या, कोपऱ्यात चपला, खुर्चीच्या पायाशी लोकरीची टोपली. खिडकीच्या जागी कोरी भिंत आणि वर दिवा, पण उजेड तसाच तिरका, दुपारचा. दोराजवळ खांबावर तो फोटो टांगलेला. फोटोत काकू, मान खाली घालून विणते आहे.

खोलीत खुर्ची रिकामी. खुर्चीवर स्वेटर.

काकांनी फोटोकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, मग परत फोटोकडे. फोटोत दुसरी बाही खांद्यापासून जेमतेम सुरू होती. इथे ती कोपरापर्यंत आली होती.

५

"कोण विणतंय ते?" काकांनी बाईंना गाठून विचारलं. "तुमच्यातली एखादी रिकामटेकडी बसते वाटतं माझ्या बायकोचं काम घेऊन? लाज नाही वाटत?"

"दोराच्या आत कुणी जात नाही, काका."

"मग बाही काय खतपाणी घालून वाढली?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "फोटो जवळून घेतला की गोष्टी लहानमोठ्या दिसतात," त्या म्हणाल्या.

हेही खरंच. काकांना ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

त्या दिवशी ते बंद व्हायच्या वेळेपर्यंत रेंगाळले. बाई रोज संध्याकाळी प्रत्येक खोली फोटोशी ताडून बघत. दादांच्या खोलीपाशी आल्या. बोट फोटोवर, नजर खोलीत, आणि पुटपुटणं, पोथी वाचल्यासारखं.

"घोडी. बाटल्या. चपला. टोपली. खुर्ची." मग बोट थांबलं. "ती तेवढी सोडून." आणि एक बारीक उसासा. "बाकी सगळं जागच्या जागी."

पहारेकऱ्याने दिवा मालवला.

तो उसासा काकांना आवडला नाही. काचेच्या कपांतला एक फुटला की बायका उरलेल्यांकडे बघून टाकतात तसा होता. संच अपुरा राहिल्याचा.

६

काकू बारीक होत चालली. दुखत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाला, वय. डॉक्टरला काही कळेनासं झालं की तो वय म्हणतो.

ती सकाळी चांगली असायची. स्वयंपाक करायची, काकांना टोमणे मारायची. दुपार झाली की पुढच्या खोलीत जाऊन त्या ठिपक्यांमध्ये बसायची. बसलेली असली की तिच्यामागची भिंत जरा जास्तच दिसायची. काका डोळे चोळायचे. मोतीबिंदू, दुसरं काय.

आधी हाक मारली की ती लगेच ओ द्यायची. मग उशिरा द्यायला लागली. मग ओ यायची ती लांबून, मोठ्या उंच खोलीतून यावी तशी, मागे बारीक घुमून.

एका दुपारी काका तिच्याशेजारी फरशीवर बसले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बसत होते. गुडघे कडकडले.

"चल, बाहेर जाऊ. हवा खाऊन येऊ."

"आता कुठे? थोडीच राहिली."

"काय राहिलं?"

"बाही. मनगटाला आले आता." बोटं चालू होती. टक, टक. "ती झाली की झालं."

"मग काय होणार?"

"मग काय! उठायचं नाही परत," काकू म्हणाली, भाजी निवडून झाल्यावर म्हणावं तितक्या सहज. मग वळून हसली. "किती गार पडलेत हो तुमचे हात. तुम्हालाच हवा होता खरं तर..."

"काय हवा होता?"

पण ती परत खिडकीकडे वळली होती. काकांनी तिचा हात धरला. हात होता, पण त्याला वजन नव्हतं. फुगवून ठेवलेल्या ट्यूबसारखा.

हा माणूस आयुष्यात कुणापुढे रडला नव्हता. त्या दिवशी मोरीत गेला, नळ सोडला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

७

"तो स्वेटर परत द्या," काका बाईंना म्हणाले. "पाया पडतो हवं तर." आणि खरोखर वाकले. ज्याने सख्ख्या भावापुढे मान तुकवली नाही, तो एका परक्या बाईपुढे वाकला.

बाईंनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. "दिलेलं परत घेता येत नाही, काका. एक वस्तू काढली की खोली मोडते."

"अहो, ते दादाने दिलं. माझी बायको कुणी दिली तुम्हाला?"

बाई नुसतं बघत राहिल्या, त्या दिवशी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी बघितलं होतं तसंच. आणि काकांना स्वतःचाच आवाज आठवला, दारातून ओरडणारा. ती काय, खोलीतलंच सामान आहे.

"चेष्टा होती ती," काका म्हणाले. "माझं तोंडच असं आहे. विचारा कुणालाही."

"फोटोला चेष्टा कळत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"मग फाडा तो फोटो!"

"फाडून बघितलं आहे लोकांनी." त्यांची नजर बोळाच्या त्या टोकाला गेली, जिथे डॉक्टरचा दवाखाना होता. "खोली एकदा मांडली की तिला स्वतःलाच पाठ असते."

८

दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना त्यांनी पुढच्या खोलीत डोकावलं. खिडकीच्या उजेडात काकू दिसत होती आणि तिच्यातून खिडकीची चौकट दिसत होती. काकांनी पायात चपला कशाबशा अडकवल्या आणि सुटले.

डोक्यात एकच गणित. बाही पुरी झाली की ती जाणार. मग बाही पुरी होऊ द्यायची नाही. विणणं आपल्याला येत नाही. उसवायला काय अक्कल लागते? आयुष्यभर दुसरं केलंय काय?

म्युझियममध्ये शाळेची पोरं आली होती. पहारेकरी त्यांना आवरण्यात गुंतला होता. काका ओळीच्या शेवटी गेले आणि दोराखालून आत शिरले.

आत शिरताच बाहेरचा गलका तुटला, दार लावल्यासारखा. रंगाचा वास आला, आणि दादांच्या चपलांचा.

"ये," असं कुणी म्हटलं नाही. पण कुणीतरी म्हणायचं थांबलंय, असं वाटलं.

घोडीच्या मागे कुणी उभं होतं का? चित्राच्या फळीखालून दोन पावलं दिसत होती का? काकांनी तिकडे बघितलं नाही. एवढी वर्षं बघितलं नव्हतं, आज कशाला बघायचं? कोपऱ्यातल्या चपला मात्र जागेवर नव्हत्या, तेवढं डोळ्याच्या कडेला दिसलं.

स्वेटर खुर्चीवर होता. बाहीचा शेवटचा पट्टा चालू होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सुईच्या टोकाला एक टाका हलला. टक. त्यावर बोटं होती. क्षणभरच दिसली, काचेवर धरलेल्या श्वासासारखी. सुरकुतलेली, करंगळीला भाजल्याचा जुना डाग. तो डाग काका ओळखत होते.

त्यांनी सुई उपसली आणि धागा ओढला.

सरसर सरसर बाही उसवायला लागली. धागा दोन्ही हातांनी ओढता यावा म्हणून ते खुर्चीत बसले. खुर्ची ऊबदार होती. मांडीवर लोकरीची वेटोळी पडू लागली. मनगट गेलं. कोपर गेलं. आणि लांबून, भिंतीपलीकडून, त्यांना आपल्या घरातला आवाज ऐकू आला. काकू फरशीवरून उठत होती. "आई गं" म्हणत, गुडघ्यावर हात देऊन, रोजच्यासारखी. मग तिची पावलं. जड, खरी, वजन असलेली. धप, धप.

"उठली!" काका मोठ्याने म्हणाले. डोळ्यांना धार लागली. "उठली गं बाई माझी!"

बाही खांद्यापर्यंत संपली. बस झालं. आता उरलेला स्वेटर बगलेत मारायचा आणि घरी जायचं. बाई बोंबलू देत. काकांनी तो उचलून समोर धरला, घडी घालण्यासाठी.

आणि तसाच धरून राहिले.

स्वेटरचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. चांगला बोटभर. चुकून नव्हे. टाके मोजून, कमी करत, बेतून उतरवलेला. उजवा खांदा.

दादांचे खांदे सरळ होते.

किती दुपारी गेल्या असतील त्याला? आणि आपण पलीकडच्या खोलीत घोरत होतो. विचारलंसुद्धा नाही, कुणासाठी गं?

"थांब," काका म्हणाले. पण हे आता ते कुणाला म्हणत होते? धागा थांबत नव्हता. हात थांबत नव्हते. तो उतरता खांदा टाक्या-टाक्याने सुटत त्यांच्याच बोटांतून निघत होता, आणि बोटं त्यांचं ऐकत नव्हती. खांदा गेला. गळा गेला.

घरात काकू गुणगुणत होती. किती वर्षांत ऐकलं नव्हतं तिचं गुणगुणणं. शेगडी पेटल्याचा आवाज आला. पाणी ठेवल्याचा. फळीवरून कप काढल्याचा.

काका कान देऊन बसले. आता दुसरा काढेल. रोज दोन काढते. आता हाक मारेल, अहो, चहा.

पाणी उकळलं. चहा ओतला गेला. एकाच कपात. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज, आणि एकट्या माणसाने घेतलेला पहिला घुटका.

"अगं," काका म्हणाले. "अगं, मी..."

घरात कुणी मान वर केली नाही.

९

शाळेची पोरं दोराशी आली. एक पोरगी बोट दाखवून मैत्रिणीला म्हणाली, "पुतळा बघ, कसला भारी! हातावरचे केससुद्धा केलेत."

काकांना म्हणायचं होतं, पुतळा असेल तुझा बाप. ते तोंडाशीही आलं. पण मान खाली होती, हात लोकरीत होते, आणि एवढी ओळ संपल्याशिवाय मान वर करता येणार नव्हती. दोन्ही सुया कधी हातात आल्या ते त्यांना कळलं नव्हतं. विणणं येत नव्हतं त्यांना. पण बोटांना येत होतं. गळ्यापासून सुरुवात झाली होती.

घोडीच्या मागे ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज आला. एक अक्षर कुणी बोललं नाही.

पोरं गेली. बोळातले दिवे एकेक करत विझत आले. बाई आल्या, पावलांचा आवाज न करता, आणि दोरापाशी उभ्या राहिल्या. बोट फोटोवर ठेवलं, नजर खोलीत.

"घोडी. बाटल्या. चपला. टोपली. खुर्ची."

बोट थांबलं. त्यांनी फोटो जवळून पाहिला. मग काकांकडे पाहिलं. मग परत फोटोकडे. चष्मा नाकावर सरळ केला. उसासा टाकला नाही.

"सगळं जागच्या जागी," बाई म्हणाल्या.

पहारेकऱ्याने दिवा मालवला.